बचावफळीतला माणूस आणि मिटलेले क्लब

१४ डिसेंबर २०२५ च्या रविवारी लिओनेल मेस्सी मुंबईत वानखेडे मैदानावर आला. सचिन तेंडुलकरने त्याला आपली दहा क्रमांकाची जर्सी भेट दिली, सुनील छेत्रीही तिथे होता, आणि महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत मुले दूरचित्रवाणीसमोरून हलायला तयार नव्हती. त्याच सोहळ्यात राज्य सरकारच्या ‘महादेवा’ या योजनेचा प्रारंभ झाला. तेरा वर्षांखालील गुणी मुले आणि मुली हेरायच्या आणि त्यांना काही वर्षे पद्धतशीर फुटबॉल शिकवायचे, असा तिचा हेतू आहे. हेतूबद्दल दुमत असण्याचे कारण नाही.

मात्र त्याच्या सहाच दिवस आधी, ८ डिसेंबरला, अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा आपल्या व्यावसायिक भागीदाराबरोबरचा पंधरा वर्षांचा करार संपुष्टात आला होता. पुढे काय, याचा निर्णय होईना म्हणून इंडियन सुपर लीगचा मोसम जुलैपासूनच टांगणीला लागला होता. नव्या भागीदारासाठी निविदा काढली, तर नोव्हेंबरमध्ये तिला एकही बोली आली नाही. मध्यंतरी काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबवले. म्हणजे जगातला सर्वांत नावाजलेला फुटबॉलपटू आपल्या राज्यात येऊन मुलांना हात हलवून दाखवत होता, तेव्हा देशातल्या पहिल्या क्रमांकाच्या लीगमध्ये चेंडूला पाय लागलेला नव्हता. वरात दारात आणि मांडवाचा पत्ता नाही, अशी ही अवस्था होती.

अशा वेळी वर्तमानपत्रे महासंघ, न्यायालय, मंत्रालय आणि मालक यांच्याबद्दल भरभरून लिहितात. लिहिलेच पाहिजे. पण या सगळ्या गदारोळात एका माणसाकडे कुणाचे लक्ष जात नाही. तो म्हणजे प्रशिक्षक. ‘महादेवा’तली मुले शिकणार ती कुणाकडून? मेस्सी काही शिकवायला थांबणार नाही. २०१७ साली १७ वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला, त्याच्या आधी १५ सप्टेंबरला एकाच दिवशी राज्यभरातल्या दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळण्याचा उपक्रम झाला होता. शाळाशाळांत चेंडू वाटले गेले. अजिंठ्याच्या डोंगराखालच्या सिल्लोड-सोयगाव पट्ट्यातल्या शाळांना काय किंवा गडचिरोलीच्या शाळांना काय, चेंडू पोचवणे ही एका दिवसाची गोष्ट आहे. तो चेंडू कसा थांबवायचा, कुणाकडे द्यायचा आणि आपल्याकडे नसताना आपण कुठे उभे राहायचे, हे शिकवणारा माणूस पोचायला वीस वर्षे लागतात. त्या वीस वर्षांत त्याचे घर चालावे लागते.

हे घर आपल्याकडे कसे चालते, ते पाहायचे तर एका माणसाची कारकीर्द समोर ठेवण्यासारखी आहे. डेरिक परेरा. क्रिकेटच्या गर्दीत हे नाव मराठवाड्यातल्या वाचकाच्या कानावर फारसे पडलेले नसेल. गोव्याचा हा बचावपटू भारताचा कर्णधार झाला आणि पुढे प्रशिक्षक म्हणून त्यांच्या कारकिर्दीची बरीच वर्षे महाराष्ट्रात, मुंबईत आणि पुण्यात गेली. महाराष्ट्राच्या व्यावसायिक फुटबॉलचा गेल्या वीस वर्षांचा चढउतार या एका माणसाच्या नोकऱ्यांच्या यादीतून वाचता येतो.

आधी बचावपटू म्हणजे काय, ते थोडे सांगायला हवे. कारण आपल्याकडे फुटबॉल पाहणारा बहुतेक जण गोल करणाऱ्याकडेच पाहतो. कबड्डीत चढाई करणाऱ्याचे नाव मैदानभर गाजते, पण कोपरा आणि मध्य सांभाळणाऱ्यांनी साखळी नीट धरली नाही तर संघ उभा राहत नाही, हे आपल्या गावांतल्या जाणत्यांना ठाऊक असते. फुटबॉलची बचावफळी ही तशीच साखळी आहे. चार जणांनी एका रेषेत पुढे सरकायचे, एका रेषेत मागे यायचे. एक जण चेंडूवर गेला की दुसऱ्याने त्याची मागची जागा भरायची. समोरच्याला ऑफसाइडमध्ये पकडायचे तर चौघांचे पाऊल एकाच क्षणी उचलले गेले पाहिजे. एकाची चूक म्हणजे चौघांचा पराभव. आघाडीपटूने नऊ संधी दवडून दहावीवर गोल केला तर तो नायक ठरतो. बचावपटूने नऊ वेळा संकट टाळले आणि दहाव्या वेळी तो घसरला, तर दुसऱ्या दिवशीच्या पेपरात त्याचेच नाव येते. मात्र त्याला एक मोठा फायदा असतो. आघाडीपटू गोलाकडे तोंड करून धावतो, त्याच्या पाठीमागे काय चालले आहे ते त्याला दिसत नाही. बचावपटूच्या समोर सगळे मैदान पसरलेले असते. आपले दहा, त्यांचे अकरा, मोकळ्या जागा, दमलेले पाय, सगळे त्याला दिसते, आणि तो सतत ओरडून इतरांना सांगत असतो. दहा-पंधरा वर्षे हे काम केलेला माणूस खेळणे थांबवतो तेव्हा तो निम्मा प्रशिक्षक झालेला असतो, असे मला वाटते. अर्थात प्रत्येक बचावपटू चांगला प्रशिक्षक होतो असे नव्हे.

परेरा यांचा जन्म १९६२ चा. गोवा मुक्त होऊन तेव्हा जेमतेम काही महिने झाले होते. ते ऐन उमेदीत आले तो काळ गोव्याच्या फुटबॉलचा बहराचा होता. १९८२-८३ मध्ये गोव्याने बंगालबरोबर संतोष करंडक वाटून घेतला आणि पुढच्याच मोसमात तो एकट्याने जिंकला. त्या गोव्याचा कर्णधार होता गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकर. परेरा खेळत ते साळगावकर क्लबकडून. वास्कोचा हा क्लब १९५६ साली एका खाणमालक घराण्याने काढलेला. १९८८ आणि १९८९ अशी लागोपाठ दोन वर्षे त्याने फेडरेशन चषक जिंकला, आणि कोलकात्याच्या बड्या क्लबांना, पंजाबच्या पोलादी संघांना गोव्याची धास्ती वाटू लागली.

तेव्हा ‘व्यावसायिक फुटबॉलपटू’ हा शब्द आपल्याकडे फारसा वापरात नव्हता. खेळाडू कुठल्या तरी कंपनीच्या, गिरणीच्या, बँकेच्या, रेल्वेच्या हजेरीपटावर असे. मुंबईत मफतलाल, ओर्के मिल्स, टाटा, आरसीएफ, एअर इंडिया, पश्चिम रेल्वे असे संघ कूपरेजवर खेळत आणि लोक रोव्हर्स चषकासाठी गर्दी करत. पैसा बेताचाच, पण खेळ संपल्यावर टेबलखुर्ची होती, भविष्यनिर्वाह निधी होता, मुलाच्या फीची चिंता नव्हती. आजच्या मुलांना हे नीरस वाटेल. त्यांच्या आजोबांना विचारा. गुडघा निकामी झालेल्या खेळाडूला पहिल्या तारखेला पगार मिळणे ही काय चीज आहे, ते सांगतील.

मग १९९६ साली राष्ट्रीय लीग सुरू झाली आणि वारे बदलू लागले. मुंबईतल्या ‘महिंद्र अँड महिंद्र’ कंपनीचा संघ १९६२ पासूनचा, म्हणजे परेरांच्याच वयाचा. २००० साली त्याचे नाव ‘महिंद्र युनायटेड’ झाले. आता तो नुसता कामगारांचा संघ राहिला नाही. परदेशी खेळाडू आले, विदेशी प्रशिक्षक आले, लाल जर्सीला एक रुबाब आला. २००५-०६ च्या मोसमात या संघाचे प्रशिक्षक होते डेरिक परेरा. त्या मोसमात महिंद्रने फेडरेशन चषक जिंकला आणि राष्ट्रीय लीगही जिंकली. मुंबईच्या संघाने राष्ट्रीय लीग जिंकण्याची ही पहिलीच वेळ. ब्राझीलचा बारेटो आणि घानाचा युसिफ याकुबू यांच्या गोलांची चर्चा झाली, ती व्हायलाच हवी होती. पण तो संघ आठवणारे जाणकार त्याच्या शिस्तीबद्दल बोलतात. २००७ मध्ये हाच क्लब एएफसी चषकाच्या उपान्त्यपूर्व फेरीपर्यंत गेला.

त्या काळात महिंद्रच्या खेळाडूंमध्ये खालिद जमील नावाचा एक मधल्या फळीतला खेळाडू होता. दुखापतींनी त्याचा खेळ लवकर आटोपला. त्याचे पुढे काय झाले ते नंतर येईलच.

२०१० साली महिंद्र युनायटेड बंद झाला. अठ्ठेचाळीस वर्षांचा संघ, चार वर्षांपूर्वीचा देशाचा विजेता, एका निवेदनाने मिटला. कंपनीने शालेय फुटबॉलवर लक्ष द्यायचे ठरवले, असे सांगण्यात आले. कंपनीला दोष देऊन उपयोग नाही. संघ तिचा, पैसा तिचा. पण ही गोष्ट इथेच थांबत नाही, म्हणून ती सांगण्याजोगी आहे.

परेरा तोवर पुण्याकडे वळले होते. पुणे एफसी हा क्लब अशोक पिरामल समूहाने २००७ मध्ये काढला. खालच्या विभागातून वर आलेल्या या क्लबने आय-लीगमधल्या पहिल्याच मोसमात, २००९-१० मध्ये, तिसरा क्रमांक मिळवला. परेरांच्या हाताखाली २०१२-१३ मध्ये तो दुसरा आला. बालेवाडीच्या संकुलात शनिवार-रविवारी मुलाबाळांसह येणारी कुटुंबे, चेहऱ्यावर रंग फासलेली कॉलेजातली पोरे, असे दृश्य पुण्यात दिसू लागले. क्लबने कुमार खेळाडूंसाठी निवासी अकादमी उभारली आणि ती देशातल्या चांगल्या अकादम्यांत गणली जाऊ लागली. पुण्याच्या लोकांना आपला म्हणावा असा संघ मिळाला, असे वाटत होते.

२०१४-१५ च्या मोसमानंतर पुणे एफसी आय-लीगमधून बाहेर पडला. मालकांनी हात आखडता घेतला होता.

परेरा २०१३ मध्येच आपल्या जुन्या साळगावकर क्लबमध्ये परतले होते. २०१३-१४ मध्ये त्यांनी त्याला लीगमध्ये तिसरा आणला. २०१६ साली साळगावकर, धेंपो आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा या तिन्ही क्लबांनी आय-लीगमधून अंग काढून घेतले. देशातली मुख्य लीग आता फ्रँचायझींची सुपर लीग होणार आणि आय-लीग दुय्यम ठरणार, या महासंघाच्या आराखड्याविरुद्धचा तो निषेध होता. (त्याआधी २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी थांबल्या होत्या आणि क्लब चालवणाऱ्या घराण्यांच्या तिजोऱ्यांवर त्याचा ताण आला होता, हेही लक्षात घ्यावे.) पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेला धेंपो पुढे खालच्या पायरीपासून पुन्हा चढून आला, साळगावकरने देशाच्या लीगकडे पाठच फिरवली.

२०१५-१६ च्या मोसमात परेरा पुन्हा पुण्यात दिसले, डीएसके शिवाजीयन्सचे प्रशिक्षक म्हणून. हा क्लब १९८७ चा. बांधकाम व्यवसायातल्या डी. एस. कुलकर्णी यांचा. इंग्लंडच्या लिव्हरपूल क्लबच्या सहकार्याने त्याची अकादमी चालत असे. २०१७ च्या मोसमानंतर उद्योगसमूहच अडचणीत सापडला आणि क्लबही लीगमधून नाहीसा झाला. मग गोव्याचा चर्चिल ब्रदर्स. मग २०१७ पासून एफसी गोवा, तिथे तांत्रिक संचालक. म्हणजे पडद्यामागचे काम: खेळाडू हेरणे, कुमार संघांवर नजर, अकादमीची घडी.

महिंद्र, पुणे एफसी, साळगावकर, शिवाजीयन्स. या माणसाने शिकवलेल्या चार क्लबांपैकी एकही आज देशाच्या लीगमध्ये नाही. चारही क्लब त्याच्या कामगिरीमुळे बंद पडलेले नाहीत, हे मुद्दाम सांगतो. एकाला त्याने विजेतेपद दिले, एकाला दुसरा क्रमांक, एकाला तिसरा. खेळात जिंकले की टिकतो आणि हरले की जातो, असे आपण मुलांना सांगतो. इथे जिंकूनही टिकत नाही. बचावपटूने आपली जागा सोडली नाही. त्याच्या पायाखालचे मैदानच दर वेळी काढून घेतले गेले.

याचे कारण हिशेबात आहे. युरोपातला मोठा क्लब प्रेक्षकांच्या तिकिटांवर, दूरचित्रवाणीच्या हक्कांवर आणि खेळाडू विकून मिळणाऱ्या पैशांवर चालतो. आपल्याकडे तिकिटांतून पाणी आणि पोलीस बंदोबस्त एवढाही खर्च निघत नाही, आणि दूरचित्रवाणीचा पैसा क्लबाच्या खात्यावर पोचेपर्यंत चमचाभर उरतो. म्हणून क्लब चालतो तो मालकाच्या दुसऱ्या धंद्याच्या नफ्यावर. जाहिरातीच्या किंवा समाजकार्याच्या खात्यातून खर्च पडतो. धंदा मंदावला, मालकाच्या मुलाचा रस उडाला, नवा कार्यकारी संचालक आला की पहिली कात्री तिथे लागते. कापडाच्या गिरण्या गेल्या तसे गिरण्यांचे संघ गेले. एअर इंडिया आणि ओएनजीसी हे नोकरी देणारे संघ २०१३ मध्ये क्लबाच्या व्याख्येत बसत नाहीत म्हणून लीगबाहेर गेले. एस्सेल समूहाचा मुंबई एफसी २०१७ मध्ये खाली घसरला आणि बंद झाला. आणि जिच्यासाठी हे सगळे झाले त्या सुपर लीगचे तरी काय? २०१४ मध्ये आलेला एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये गुंडाळला, त्याची जागा हैदराबादला गेली, आणि २०२५ मध्ये हैदराबादचा संघ दिल्लीला गेला. पुण्याने दहा-बारा वर्षांत तीन क्लब पाहिले आणि तिन्ही गमावले. मुंबई सिटी दोनदा विजेता ठरला, पण परदेशी भागीदार सिटी फुटबॉल ग्रुपने अनिश्चिततेला कंटाळून डिसेंबर २०२५ मध्ये त्यातून पाय काढला.

आपल्या भागातल्या वाचकांना राजाश्रय म्हणजे काय, ते वेगळे सांगायला नको. अजिंठ्याच्या लेण्यांत सोळाव्या-सतराव्या लेण्यापुढे गर्दी थांबते. चोविसाव्याकडे फारसे कुणी पाहत नाही. पाहिले पाहिजे. पूर्ण झाले असते तर ते तिथल्या सर्वांत मोठ्या विहारांपैकी एक ठरले असते. खांबांची घडण सुरू झाली आहे, आणि मग छिन्नी थांबली आहे. वाकाटक राजा हरिषेण आणि त्याचा मंत्री वराहदेव यांच्या काळात काम जोरात होते. पाचव्या शतकाच्या अखेरीस तो आधार गेला आणि कारागीर पांगले, असे वॉल्टर स्पिंक यांच्यासारख्या अभ्यासकांचे म्हणणे आहे. कारागिरांचा हात वाईट होता म्हणून काम थांबले, असे कुणी म्हणणार नाही.

असो. आता प्रशिक्षकाकडे परत येऊ. मालक टिकत नाही ही एक अडचण. दुसरी अडचण अशी की मालक टिकला तरी तो देशी माणसावर भरवसा ठेवत नाही. सुपर लीगमध्ये पहिली काही वर्षे मुख्य प्रशिक्षकाची खुर्ची विदेशी माणसाची, हे गृहीतच होते. भारतीय प्रशिक्षक त्याच्या शेजारी बसणार, खेळाडूंना हिंदीत किंवा कोकणीत समजावणार, आणि विदेशी साहेब मध्येच निघून गेले तर मोसम संपेपर्यंत गाडा ओढणार. परेरांच्या वाट्याला नेमके हेच आले. डिसेंबर २०२१ मध्ये एफसी गोवाचे स्पॅनिश प्रशिक्षक हुआन फेरांडो भर मोसमात कोलकात्याच्या क्लबकडे गेले. एकोणसाठ वर्षांच्या परेरांना मुख्य प्रशिक्षक केले. मोसम घसरणीला लागलेला होता, संघ नववा आला, आणि एप्रिल २०२२ मध्ये पुन्हा स्पॅनिश प्रशिक्षक आला. घर पेटल्यावर ज्याच्या हातात बादली द्यायची, त्याच्याकडे घर बांधायचे काम मात्र द्यायचे नाही, असा हा व्यवहार झाला.

विदेशी प्रशिक्षक नकोत, असे मी म्हणत नाही. त्यांच्याकडून आपल्या लोकांनी पुष्कळ घेतले आहे. सराव कसा आखायचा, खेळाडूच्या धावण्याची नोंद कशी ठेवायची, आहार काय द्यायचा, हे ज्ञान बाहेरूनच आले. पण शिकाऊ उमेदवाराची मुदत कधी तरी संपली पाहिजे.

तसे होऊ शकते, याचीही उदाहरणे आहेत. महेश गवळी हे गोव्याचेच. धेंपोच्या आणि भारताच्या बचावफळीचा वर्षानुवर्षे कणा असलेला हा खेळाडू निवृत्तीनंतर राष्ट्रीय संघाचा सहायक प्रशिक्षक झाला. २०२३ मध्ये बंगळूरला सॅफ स्पर्धा होती. मुख्य प्रशिक्षक इगोर स्टिमाच यांना लाल कार्ड मिळाल्याने उपान्त्य आणि अंतिम सामन्याला मैदानालगत उभे राहिले ते गवळी. लेबनॉनविरुद्ध पेनल्टींवर विजय, कुवेतविरुद्धही पेनल्टींवर विजय, आणि भारत विजेता. मुंबईचे बचावपटू नौशाद मूसा अनेक वर्षे बंगळूर एफसीच्या दुय्यम संघाला घडवत राहिले, २०२१ मध्ये तिथे हंगामी मुख्य प्रशिक्षक झाले आणि २०२५ मध्ये देशाच्या २३ वर्षांखालील संघाकडे आले. गोव्याचे क्लिफर्ड मिरांडा यांनी २०२३ मध्ये ओडिशाला सुपर कप जिंकून दिला.

आणि खालिद जमील. महिंद्रतून बाहेर पडून ते मुंबई एफसीत खेळले, २००९ मध्ये तिथलेच प्रशिक्षक झाले आणि तुटपुंज्या पैशांत सात वर्षे संघ तगवून ठेवला. तिथून हटवल्यावर मिझोरामच्या ऐझॉल क्लबकडे गेले. तिथल्या नवख्या पोरांना घेऊन त्यांनी २०१६-१७ ची आय-लीग जिंकली, कोलकात्याच्या दोन्ही मातब्बरांना मागे टाकून. २०२१ मध्ये नॉर्थईस्ट युनायटेडने त्यांना आधी हंगामी म्हणून घेतले. संघ बाद फेरीत गेल्यावर कायम केले. सुपर लीगमध्ये कायमस्वरूपी मुख्य प्रशिक्षक झालेले ते पहिले भारतीय. १ ऑगस्ट २०२५ रोजी ते राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले. सॅव्हिओ मेदेरांनंतर तेरा वर्षांनी भारतीय माणूस पूर्णवेळ त्या पदावर आला. सप्टेंबरमध्ये मध्य आशियातल्या काफा स्पर्धेत भारताने ओमानला पेनल्टींवर हरवून तिसरा क्रमांक घेतला. ऑक्टोबरमध्ये मडगावला सिंगापूरने हरवले आणि २०२७ च्या आशियाई चषकाची वाट बंद झाली. नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशनेही हरवले. लगेच ‘देशी प्रशिक्षकाला जमत नाही’ असा सूर निघाला. लीग बंद, खेळाडूंना सामन्यांचा सराव नाही, अशा वेळी कुणाला काय जमले असते, हा विचार त्या सुरात नव्हता.

या सगळ्यांत एक समान धागा आहे. ज्यांना एका जागी काही वर्षे सलग मिळाली, त्यांच्या हातून काही घडले. परेरांची पुण्यातली वर्षे, जमील यांची मुंबई एफसीतली सात, मूसांची बंगळूरमधली. प्रशिक्षकाचे काम शेतीसारखे आहे. या वर्षी जमीन नांगरायची, पुढच्या वर्षी पेरायचे. दर मोसमाला शेत बदलले तर पीक दुसऱ्याच्याच खळ्यात जाणार.

महाराष्ट्रात एक गाव असे आहे, जिथे संघ बंद पडत नाहीत. ते म्हणजे कोल्हापूर. पाटाकडील तालीम, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. शाहू स्टेडियमवर यांच्यात सामना असला की पेठाच्या पेठा रिकाम्या होतात. हे संघ कुणा शेठजींचे नाहीत. ते पेठेचे आहेत, तालमीचे आहेत, त्यामुळे कुणी एक माणूस सकाळी उठून ते बंद करू शकत नाही. हुल्लडबाजीने कधी कधी स्पर्धा थांबतात, ते सोडा. पण तालीम पूर्णवेळ, परवानाधारक प्रशिक्षकाला बारा महिने पगार देऊ शकत नाही. १७ वर्षांखालील विश्वचषकात खेळलेला कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला, तो त्यामुळेच. म्हणजे आपल्याकडे पगार देणारा क्लब टिकत नाही आणि टिकणारा क्लब पगार देऊ शकत नाही. खेळायला आलेला प्रत्येक मुलगा आणि शिकवायला आलेला प्रत्येक माणूस या दोहोंमधल्या फटीत उभा आहे.

ही फट बुजवायची तर ती सरकारला आणि शाळांनाच बुजवावी लागेल, असे माझे मत आहे. कंपन्यांनी संघ काढावेत; त्यांचे स्वागतच आहे. पण प्रशिक्षकाची नोकरी संघाला बांधलेली नसावी. जिल्ह्याच्या क्रीडा कार्यालयाकडे, विद्यापीठाकडे, मोठ्या शाळांच्या समूहाकडे परवानाधारक प्रशिक्षकांची पदे असावीत, पाच-सात वर्षांच्या मुदतीची. परवान्याच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत, ‘डी’ पासून वर ‘प्रो’ पर्यंत. निवृत्त खेळाडूला पहिल्या दोन पायऱ्या चढायला राज्याने मदत केली, तर जिल्ह्याजिल्ह्यांत माणसे तयार होतील. छत्रपती संभाजीनगरला भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे केंद्र आहे, विद्यापीठ आहे, शारीरिक शिक्षणाची महाविद्यालये आहेत. जागेचा प्रश्न नाही.

सुपर लीग अखेर १४ फेब्रुवारी २०२६ पासून, छोट्या केलेल्या मोसमानिशी, सुरू करायचे ठरले. क्लबांनी कमी पैशांत संघ उभे केले. अशा वेळी विदेशी प्रशिक्षक परवडत नाही म्हणून काही भारतीयांना संधी मिळते. तेही ठीक आहे, पण स्वस्त पडतो म्हणून घेतलेला माणूस पैसे आल्यावर पहिला बाहेर जातो, हे परेरांच्या पिढीने पाहिले आहे.

‘महादेवा’सारख्या योजनेत निवड झालेले मूल आपल्या घरात असेल, तर पालकांनी पहिल्या बैठकीत बूट, गणवेश आणि मुंबईचा प्रवास यांची चौकशी जरूर करावी. त्याबरोबर आणखी तीन गोष्टी विचाराव्यात. आमच्या मुलीला रोज शिकवणारा प्रशिक्षक कोण? त्याचा परवाना कुठल्या पायरीचा? आणि त्याची नेमणूक किती वर्षांची आहे?